साठाचे बासष्ट

२ तारीख, मंगळवार

दुकान बंद केलं तेव्हा मापाच्या चार कोऱ्या वह्या उरल्या होत्या. त्यातली एक आजपासून दैनंदिनी. पानापानावर छाती, कंबर, उंची, बाही असे रकाने छापलेले आहेत, त्यांच्याकडे काणाडोळा करून मी आडवं लिहितो आहे. पहिल्या पानावर रीत म्हणून स्वतःचंच माप टाकलं: छाती ३८, कंबर ३६, उंची ६४. उंचीबद्दल मला कोणाशी चर्चा करायची नाही.

लिहायचं कारण असं की आज घराशेजारी बांधकामाच्या आखणीसाठी चुन्याची फक्की येऊन पडली. आक्का कायमची आपल्याकडे राहायला येणार, तिच्यासाठी खाली एक खोली. तिचं घर पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या ताब्यात जातंय, आणि पाय मोडल्यापासून तिला वॉकर लागतो, जिना जमत नाही. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि आक्का चौदाची. माझी शाळा चालू राहावी म्हणून तिने तिची सोडली आणि घरबसल्या लोकांच्या सदऱ्यांना काजं केली. त्यामुळे ही खोली व्हायलाच हवी, मग आकाश कोसळो.

खोली सामाईक भिंतीच्या बाजूने येते. त्या भिंतीपासून दीड फूट जागा सोडली तर शेजाऱ्याची सही लागत नाही, असा नियम आहे. कमी सोडली तर लागते. मी दीड फूट सोडणार. पलीकडे, मी ज्याला काटेकोर म्हणतो, तो शेजारी राहतो आणि त्याची सही मागण्यापेक्षा मी खोली गच्चीवर बांधून आक्काला दोरीने वर घेईन.

३ तारीख, बुधवार

गवंड्याने कामाला हात घालायच्या आधीच खिशातून स्टीलचा टेप काढला. मी त्याला तो परत खिशात घालायला लावला. माझ्या घरात माझाच टेप चालेल. पहिली नोकरी लागली त्या दिवशी आक्काने तो माझ्या गळ्यात घातला, आणि चाळीस वर्षं मी त्याच्याच भरवशावर बेतलं. एक विजार आखूड झाली नाही की एक कोट उसवून परत आला नाही.

गणित सोपं आहे. घराच्या मूळ नकाशावर आमच्या भिंतीपासून सामाईक भिंतीपर्यंत तेरा फूट लिहिलेत. त्यातून दीड वजा, राहिले साडेअकरा. मी स्वतः गुडघ्यावर बसून टेपने साडेअकरा फूट मोजले आणि खूण केली. गवंडी म्हणाला, "मास्तर, हा टेप कापडासाठी असतो." मी म्हणालो, भिंत म्हणजे तरी काय, घराचा कपडाच. त्याने तंबाखू मळायला घेतली. मला वाटतं त्याला पटलं.

५ तारीख, शुक्रवार

विटांचा पहिला थर. आक्काचा फोन. तिला सामाईक भिंतीच्या बाजूला खिडकी हवी आहे. तिकडे बघण्यासारखं काय आहे, एक कडुनिंब आणि एक काटेकोर. मी म्हणालो, त्या बाजूला वर एक झरोका ठेवतो, दुधी काचेचा. ती म्हणाली, "मला हवा लागते." हवा काय, रस्त्याच्या बाजूनेही येते. तरी तिचं टुमणं चालूच. मागच्या वर्षी पाय प्लास्टरमध्ये घालून दोन महिने इथे होती, तेव्हाही मागच्या ओट्यावर त्या भिंतीला खेटूनच बसलेली असायची. तिथली हवा तिला मानवते, हे खरं.

आमच्या हिला विचारलं, तर ही म्हणाली, "द्या की खिडकी," आणि तोंडाला पदर लावून आत गेली. यात हसण्यासारखं काय होतं ते तिलाच ठाऊक.

९ तारीख, मंगळवार

काटेकोर भिंतीपलीकडे खुर्ची टाकून काम बघत बसतो, म्हणून आज त्याच्याबद्दल एकदाचं लिहून टाकतो. हा माणूस वजनमापे खात्यात निरीक्षक होता. उंच, सडपातळ, बोलणं हळू. अकरा वर्षांपूर्वी त्याने माझ्याकडे विजार शिवायला टाकली होती. माप घेताना त्याने खिशातून स्वतःचा स्टीलचा टेप काढला, चार गिऱ्हाइकांसमोर माझ्या टेपला लावला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचा टेप वाढलाय. साठाचे बासष्ट झालेत."

आक्काच्या टेपला नाव ठेवलं. मी विजार अर्धवट होती तशी, एका पायाला दुमड घातलेली आणि एका पायाला नाही, त्याच्या हातात दिली. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. आणि समजा, टेप वाढला असेलही. माणूस ज्या टेपने मोजला त्याच टेपने कापड मोजलं की कपडा चुकत नाही, हे निरीक्षकांना कोण शिकवणार?

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. मी गेलो होतो, पण फाटकातूनच परत आलो. ते मला अजून बरं वाटत नाही. एकटेपणाचा त्याच्यावर परिणाम झालेला दिसतो. रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला फोन कानाला लावून अंगणात बसतो आणि म्हणतो, "घोडा मागे घ्या," किंवा "वजीर सांभाळा, नाहीतर गेलात." पलीकडे कोणी असेल असं मला वाटत नाही. कोण ऐकून घेईल?

बरोबर याच वेळेला मी आक्काला फोन लावत असतो, पण तिचा नेमका पाचलाच लागत नाही. लाइनचा दोष असावा.

१३ तारीख, शनिवार

भिंत कंबरेपर्यंत. काम झकास. 

१६ तारीख, मंगळवार

आज गवंडी टोपी काढून समोर उभा राहिला. गवंड्याने टोपी काढली की काही तरी बिनसलेलं असतं. म्हणाला, बाहेरून गिलावा करायला त्याचा माणूस फटीत शिरत नाही. मी म्हणालो, दीड फुटात न शिरणारा माणूस कामाला ठेवलाच कशाला. तो म्हणाला, "मास्तर, दीड फूट असता तर म्हैस नसती शिरली, पण माणूस शिरला असता."

टेप घेऊन मोजलं. तेरा इंच. पुन्हा मोजलं, या टोकाला, त्या टोकाला. तेरा. पाच इंच जागा हवेत विरली होती. मी पायरीवर बसलो, पाणी प्यायलो, विचार केला. माझी भिंत मी स्वतः आखली, ती चुकणं शक्य नाही. म्हणजे दुसरी भिंत सरकली. सामाईक भिंत काटेकोरने आमच्या बाजूला सरकवली आहे.

हिला सांगितलं. तिने हातातली वाटी खाली ठेवली. "साठ फूट लांब विटांची भिंत," ती म्हणाली, "एकट्याने? ढकलून?" मी म्हणालो, हळूहळू, अकरा वर्षं. वेळ काढून.

२२ तारखेला बांधकाम खात्याचा मोजणीवाला येणार. तेव्हा दीड फूट भरला नाही तर एक तर काटेकोरची सही, नाहीतर भिंत पाडा.

१७ तारीख, बुधवार

शास्त्रीय पुरावा हवा. माझ्या भिंतीपासून सामाईक भिंतीपर्यंत ताणून दोरा बांधला, चाळीस नंबरचा, मध्ये एक काळं बटण लटकवलं. भिंत केसभर हलली तर दोरा सैल पडेल किंवा तुटेल. गवंडी बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, जेवून येतो.

१८ तारीख, गुरुवार

दोरा तुटला. सकाळी सहाला पाहिलं, दोन्ही टोकं लोंबत होती, बटण गायब. मी विजयाने ओरडलो तर ही बाहेर आली आणि म्हणाली, मांजर असेल. हिला पुराव्याचं गांभीर्य नाही.

दहा वाजता बटण सापडलं. सामाईक भिंतीच्या माथ्यावर, कागदात नीट गुंडाळून ठेवलेलं. कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: "आपले बटण. आमच्या बाजूस पडले होते." डिवचतो आहे. गुन्हेगार नेहमी जागेवर परत येतो.

दुपारी आक्काला फोन केला. जड जिभेने सांगितलं की कदाचित उशीर होईल, कदाचित भिंत पाडावी लागेल. तिने आधी माझं जेवण झालं का ते विचारलं. मग म्हणाली की वृद्धांच्या एका संस्थेत तिने नाव घालून ठेवलंय, तिथे एक खाट रिकामी झाली आहे, शनिवार संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. "तू मनाला लावून घेऊ नकोस, धाकट्या," म्हणाली. "तिथेही सोय चांगली आहे."

मला रडू आलं. बासष्ट वर्षांचा माणूस, विटांच्या ढिगावर बसून. काटेकोरकडे जाऊन सही मागितली तर सगळं सुटतं, हे मला कळतं. पण तो म्हणणार, दाखवा तुमचा टेप.

२० तारीख, शनिवार

सविस्तर लिहितो, कारण उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

आज संध्याकाळपर्यंत आक्काला उत्तर द्यायचं होतं. गवंडी साडेचारला गेला. मी शेवटचा प्रयत्न म्हणून आतल्या बाजूने भिंतीवर पालथा पडून फट पुन्हा मोजायला गेलो. हात घामेजलेला होता. टेप सुळकन निसटला आणि फटीत पडला.

आक्काचा टेप. मी काही विचार न करता अंगणात गेलो आणि फटीत आडवा शिरलो. पोटाचा अंदाज मी धंद्यामुळे बरोबर सांगतो, बारा इंच. तेरात बारा सहज जातात. गेलोही, आठ-दहा पावलं. पुढे गवंड्याच्या विटांतून बाहेर आलेला माल सुकून दगड झाला होता. तिथे पोट अडकलं. मागे सरकलो तर सदरा वर गोळा झाला आणि त्याने पाचर मारली. टेप पायाखाली लागत होता, वाकता येत नव्हतं. तोंड सामाईक भिंतीकडे. फटीतला पायाचा चर अजून बुजवलेला नव्हता, त्यात उभं राहिलं की ती माझ्या हनुवटीला लागते, त्यामुळे डोकं तेवढं भिंतीच्या वर, एखादी कुंडी ठेवावी तसं.

आणि समोर, पाच हातांवर, खुर्चीत काटेकोर. कानाला फोन.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. पाच वाजले होते. तो फोनमध्ये म्हणाला, "चाल थांबवा जरा, इथे एक जण भिंतीत अडकलाय." फोनमधून एक बाई मोठ्याने हसली. हसणं ओळखीचं वाटलं, पण अडकलेल्या माणसाने कानांवर फार विश्वास ठेवू नये. त्याने फोन खिशात ठेवला.

मी हिला हाक मारली. ही आली, पाहिलं, आणि मला बाहेर काढायचं सोडून पलीकडे म्हणाली, "भाऊ, तेवढं बघता का? माझं दूध उतू जाईल." आणि गेली. काटेकोरला ही भाऊ कधीपासून म्हणते, ते मला विचारायचं आहे.

तो स्टूल घेऊन आला, भिंतीजवळ बसला. त्याच्या अंगावर एक विजार होती. एका पायाला माझी दुमड आणि दुसऱ्या पायाला कोणाच्या तरी वेड्यावाकड्या हातची. मी ती दुमड निरखत राहिलो.  तो म्हणाला, "श्वास पूर्ण सोडा. डावा खांदा आधी."

सुटलो नाही. पण श्वास सोडल्यावर माझ्यातली बरीच हवा गेली असावी. सहा वाजता संस्थेला कळवायचं होतं. आक्का तिकडे फोनजवळ बसली असेल आणि मी इकडे तिच्यासाठी बांधलेल्या भिंतीत. मी म्हणालो, "तुमचा टेप आहे का जवळ?"

तो खिशात होताच. त्याने माझ्या छातीशेजारून फटीत धरला आणि वाचला, नुसता वाचला, जिंकल्याचा आवाज न काढता. "साडेतेराला जरा कमी."

"माझा तेरा दाखवतो."

"हं."

"म्हणजे भिंत सरकली नाही."

"भिंती सरकत नाहीत, मास्तर."

मग उभ्या उभ्या, तोंडाला चुना लागलेल्या अवस्थेत, सगळं माझ्या डोक्यात उलगडलं. नकाशातले तेरा फूट ज्याने मोजले त्याने आपल्या टेपने मोजले, आणि साडेअकरा मी माझ्या. माणूस एका टेपने मोजला आणि कापड दुसऱ्या. चाळीस वर्षांत जे कोणाच्या विजारीत केलं नाही ते मी आक्काच्या खोलीत केलं. मी ते त्याला मोठ्याने सांगितलं. आणि लगेच सही मागितली, कारण नंतर धीर झाला नसता.

तो म्हणाला, "कागद आणा, करतो. पण अट आहे."

मला वाटलं, आता टेपची माफी मागायला लावणार. मागितली असती. पण त्याच्या अटी भलत्याच. खोलीला या बाजूने मोठी खिडकी हवी. काच दुधी नको. गज नकोत, तावदानं पूर्ण उघडणारी. आणि खिडकीची खालची कड या भिंतीच्या माथ्याशी बरोबर समपातळीत, सूतभर इकडे-तिकडे नाही. निरीक्षकच शेवटी, जिथे तिथे पातळी. मी सगळं कबूल केलं.

मग त्याने भिंतीवरून हात घालून माझा सदरा फाडला आणि मी सुटलो. बाहेर येऊन टेप काढला. उघडाच होतो, म्हणून त्याने सहज माझी उंची मोजली. सहासष्ट. मी पुन्हा मोजायला लावली. सहासष्ट. एवढी वर्षं मी फोटोत मागे उभं राहायचं टाळत आलो. कंबरही सव्वासदतीस निघाली, पण ती मी वहीत चढवणार नाही.

सहाला पाच कमी असताना आक्काला फोन केला. हॅलो म्हणायच्या आधीच तिने विचारलं, "निघालास का रे बाहेर?" हिने कळवलं असणार. ही म्हणते, मी कशाला कळवू.

आक्काने संस्थेला 'नाही' असं कळवलं.

२२ तारीख, सोमवार

मोजणीवाला आला, मोजलं, सही पाहिली, गेला. गवंडी खिडकीसाठी भिंत फोडतो आहे. चार थर उतरवावे लागले. गिलावा सामाईक भिंतीवर पालथं पडून पलीकडून करायला काटेकोरने परवानगी दिली. गवंड्याला मी त्याचा स्टीलचा टेप वापरायला सांगितलं. तो म्हणाला, मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो. म्हणत होता, पण हळू.

८ तारीख, बुधवार

खोलीवर पत्रे चढले, रंग झाला. खिडकीचा पडदा मी शिवला. खिडकी जुन्या टेपने मोजली आणि कापडही जुन्याच टेपने. सुरकुती नाही, झोळ नाही. काटेकोर भिंतीपलीकडून बघून म्हणाला, "उत्तम." विजार पुन्हा शिवून देतो म्हणालो. तो म्हणाला, आहे ती राहू द्या, सवय झाली.

१० तारीख, शुक्रवार

आक्का आली. वॉकर टेकत खोलीभर फिरली, खिडकीशी थांबली, हात लांब करून सामाईक भिंतीला बोट लावलं आणि लहान मुलीसारखी हसली. सामानात एक बुद्धिबळाचा पट आहे, चांगला अठरा इंची. इथे तिच्याशी कोण खेळणार?

जेवणानंतर टेप तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली. घाबरत सांगितली, तिची भेट ती. ती टेप बोटाला गुंडाळत ऐकत राहिली.

"अरे, तो नवा कुठे होता," ती म्हणाली. "माझ्या शिवणाच्या वर्गातला. घरात दोरी नव्हती, म्हणून दोन पावसाळे तुझे ओले मोजे वाळत घातले त्याच्यावर. तेव्हाच ताणला असणार."

मी म्हणालो, मग देताना का नाही सांगितलंस?

"दुसरं काही नव्हतं रे द्यायला. आणि तू गळ्यात घालून असा उभा राहिलास की मला वाटलं, दोन इंच वाढलास."

 टेप पुन्हा गळ्यात घातला आणि पाणी आणायला गेलो, तहान नसताना.

१२ तारीख, रविवार

आक्काचा जम बसला. काल पाच वाजता तिने खिडकीतून पट बाहेर सरकवला. त्याची एक कड खिडकीवर, दुसरी सामाईक भिंतीवर, अगदी घट्ट. फट ठरल्याप्रमाणे अठरा इंच असती तर पट सोंगट्यांसकट खाली गेला असता, हे मी दोघांच्याही लक्षात आणून दिलं. पलीकडे स्टूलवर काटेकोर. एका दिवसात ओळख काढून खेळायलाही बसली. आक्काचं हे असंच, कोणाशीही चटकन जमतं. फक्त बसल्या बसल्या ती म्हणाली, "गुरुवारी माझा घोडा इथे नव्हता," आणि त्यावर दोघं वाद घालत राहिले. गुरुवारी ती इथे नव्हतीच. वयाचा परिणाम असावा, हिला सांगून ठेवलं पाहिजे.

मी म्हणालो, मलाही शिकवा. आक्का म्हणाली, सध्या जागा नाही.

पडदा मात्र आल्यापासून एकदाही ओढलेला नाही. इतका सुबक शिवलेला पडदा दिवसभर बाजूला गोळा. विचारलं तर म्हणते, हवा लागते. एक गोष्ट चांगली झाली: काटेकोरचं संध्याकाळी फोनवर एकट्याने बडबडणं पूर्ण थांबलं आहे. शेजारी कोणी बोलायला मिळालं की माणूस सुधारतो. हे मी अकरा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

उंची ६६.